खेळाचा गुत्ता आणि प्रेक्षकाचा हक्क

मराठवाड्याबाहेरच्या वाचकांस 'गुत्ता' हा शब्द कदाचित् अपरिचित वाटेल. उर्वरित महाराष्ट्रांत ज्यास मक्ता किंवा ठेका म्हणतात, त्यासच आमच्या मुदखेड-नांदेडकडे गुत्ता म्हणण्याचा प्रघात असून, रस्ता बांधणारा असो कीं इमारत उभारणारा असो, तो आमच्या तोंडीं अद्यापहि गुत्तेदारच असतो. गुत्त्याचें तत्त्व सोपें आहे. धन्यास आपल्या वस्तूचें उत्पन्न स्वतः गोळा करण्याची दगदग नको असते. गुत्तेदार त्यास एक ठरलेली रक्कम देतो, आणि ठरलेल्या मुदतींत त्या वस्तूपासून जें निपजेल तें आपल्या पदरांत पाडून घेतो. हा व्यवहार जमिनीचा, ताडीचा किंवा तलावांतील मासळीचा असतो, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु दोन संघ एका चेंडूमागें धांवत आहेत हें दुरून दाखविण्याचाहि गुत्ता असूं शकतो, आणि त्याची किंमत कोटींनीं मोजली जाते, ही गोष्ट मनुष्याच्या इतिहासांत फार अलीकडची आहे. हा हक्क कसा जन्मास आला, त्याची घासाघीस कोणीं कोणाशीं केली, आणि आपल्या देशांतील फुटबॉलला त्या घासाघिशींत काय साधलें व काय गमवावें लागलें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

गुत्त्याचे गुणदोष आमच्या प्रांतास नवे नाहींत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत निजामाच्या राज्यांतील जमीनमहसूल बहुतांशीं गुत्त्यानेंच वसूल होत असे. तालुक्याचा सारा भरण्याचें जो कबूल करी, त्याच्या हातीं तो तालुका जाई. दरबारास रक्कम निश्चित मिळे. परंतु रयतेचें काय होतें हें पाहण्याचें कारण कोणासच उरत नसे. ज्याची मुदत आज ना उद्यां संपणार, तो दुसऱ्याच्या शेतांत विहीर कशाला बांधील? १८५३ सालीं दिवाणगिरीवर आलेल्या पहिल्या सालारजंगांनीं ही पद्धति मोडून पगारी अंमलदार नेमण्यास आरंभ केला, आणि १८६५ च्या जिलाबंदीनें या नव्या व्यवस्थेस कायमचें रूप आलें. त्या सुधारणेंतून निघणारा धडा असा, कीं गुत्ता देणें हें स्वतः पाप नव्हे; परंतु मुदत किती, देखरेख कोणाची, आणि मुदत संपतांना जमीन कोणत्या स्थितींत परत मिळणार, हे तीन प्रश्न विचारल्यावांचून दिलेला गुत्ता शेवटीं धन्यासच बुडवितो. हेच तीन प्रश्न बरोबर घेऊन आपण खेळाच्या मैदानाकडे वळूं.

खेळ पाहण्याचें मोल घेण्याची चाल जुनी आहे. मैदानास कुंपण घातलें, दारावर मनुष्य बसविला, कीं तिकीट आलें. मुंबईस रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ पासून सुरू झाली, आणि पुढें कूपरेज मैदानावर तिचे सामने पाहण्यास लोक दाटीवाटीनें जमूं लागले. १९५० ते १९५४ अशीं लागोपाठ पांच वर्षें हैदराबाद शहर पोलीस संघानें हा चषक जिंकला. सय्यद अब्दुल रहीम हे त्या संघाचे शिक्षक; त्यांच्याच शिकवणीखालीं भारतानें १९५१ व १९६२ या दोन्ही सालीं आशियाई क्रीडासामन्यांत सुवर्णपदक मिळविलें. मराठवाडा त्या काळीं हैदराबाद राज्यांतच असल्यामुळें हा विजय आमच्याहि राज्याचा होता. परंतु मुदखेडच्या मनुष्यास तो डोळ्यांनीं पाहावयाचा तर आगगाडीनें मनमाडमार्गें मुंबई गांठण्यावांचून गत्यंतर नव्हतें. ज्यास तें शक्य नसे, त्यानें वर्तमानपत्राची वाट पाहावी, किंवा एखाद्याच्या घरीं रेडिओ असल्यास त्याच्याभोंवतीं बसावें. दुरून पाहणाऱ्याकडून मोल घ्यावें, हा विचार कोणाच्या मनांत येण्याचें कारणच नव्हतें. कारण दुरून पाहतांच येत नव्हतें.

टेलिव्हिजननें हें चित्र पालटलें. तथापि यंत्र आलें म्हणून हक्क आपोआप उत्पन्न झाला, असें नव्हे. कोणत्याहि वस्तूला बाजारांत भाव येण्यास तीन गोष्टी लागतात. विकणाऱ्यास 'देत नाहीं' असें म्हणतां आलें पाहिजे. घेणारे एकाहून अधिक असले पाहिजेत. आणि मालाची वेळ दोघांसहि कळली पाहिजे. यांपैकीं तिसरी गोष्ट आमच्या गांवच्या लोकांस समजावून सांगावी लागत नाहीं. मुदखेडच्या आसपास फूलशेती होते. पहाटे तोडलेलें फूल सकाळच्या बाजारांत पोहोंचलें तर त्यास भाव असतो. दुसऱ्या दिवशीं तेंच फूल कोणी विचारीत नाहीं. सामन्याचें तसेंच आहे. निकाल ठाऊक नसतांना, घडत असतांनाच जो सामना दिसतो त्याला किंमत. निकाल कळल्यानंतर त्याची किंमत नांवापुरती उरते. म्हणूनच खेळाच्या हक्कांची घासाघीस नेहमीं घायकुतीला येऊन होते. हंगाम तोंडावर आलेला असतो, आणि कोण अगोदर डगमगतो याची दोन्ही पक्ष वाट पाहत असतात.

या घासाघिशीचा जुना व बोधप्रद इतिहास इंग्लंडांतील फुटबॉलचा आहे. १९३७ च्या सप्टेंबर महिन्यांत बी.बी.सी.नें आर्सेनल क्लबचा मुख्य संघ व राखीव संघ यांच्यांतील एक खास सामना प्रयोगादाखल दाखविला, आणि पुढील वर्षीं चषकाचा अंतिम सामना दाखविला. परंतु क्लबांच्या चालकांस टेलिव्हिजनची धास्तीच अधिक वाटे. घरबसल्या सामना दिसूं लागला तर पावसांत भिजत मैदानावर कोण येईल, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो सर्वस्वीं अनाठायीं नव्हता. १९६० सालीं आय.टी.व्ही. या खासगी संस्थेनें २६ सामन्यांकरितां १,५०,००० पौंड देऊं केले. परंतु आर्सेनल व टॉटनहॅम या क्लबांनीं आपल्या मैदानांत यंत्रें येऊं देण्याचें नाकारतांच ती योजना कोसळली. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांच्या आग्रहानें शनिवारीं दुपारीं थेट प्रक्षेपण होऊं नये असा निर्बंध त्याच दशकांत रूढ झाला, आणि तो त्या देशांत अजूनहि टिकून आहे. १९६४ सालीं बी.बी.सी.नें सामन्यांचे निवडक भाग रात्रीं दाखविण्याचा हक्क घेतला, तो अवघ्या ५,००० पौंडांस. घेणाऱ्या संस्था दोनच होत्या, आणि त्या एकमेकींवर चढ करीत नसत. मग भाव वाढावा कसा?

१९८५ सालीं क्लबांनीं हट्ट धरला व देऊं केलेली रक्कम नाकारली. तो हंगाम निम्मा उलटेपर्यंत इंग्लंडांत टेलिव्हिजनवर लीगचा एकहि सामना दिसला नाहीं. क्लबांस वाटलें होतें कीं लोक आरडाओरड करतील. पण लोक दुसरें कांहीं पाहूं लागले. अखेरीस क्लबांनाच नमतें घेऊन कमी दरानें करार करावा लागला. नकार देण्याचा अधिकार असणें व नकार पचविण्याची ताकद असणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें त्या सहा महिन्यांनीं शिकविलें. पुढें उपग्रहावरून प्रक्षेपण करणाऱ्या कंपन्या बाजारांत उतरल्या आणि स्थिति बदलली. १९८८ सालीं चार वर्षांचे ४.४ कोटी पौंड आले. १९९२ सालीं वरच्या श्रेणींतील क्लब वेगळे होऊन त्यांनीं प्रीमियर लीग स्थापिली, तेव्हां पांच वर्षांच्या करारास ३०.४ कोटी पौंडांचा आंकडा लागला.

हे आंकडे पाहून डोळे दिपतात. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें पाहावयाचें तें दुसरीकडेच आहे. प्रीमियर लीगच्या क्लबांनीं पैसे मागण्यापूर्वीं ते वांटून कसे घ्यावयाचे हें आपसांत ठरविलें. देशांतील प्रक्षेपणाच्या उत्पन्नाचा निम्मा भाग सर्वांस सारखा, चतुर्थांश गुणतक्त्यांतील क्रमाप्रमाणें, व उरलेला चतुर्थांश ज्याचे सामने जितके दाखविले जातील त्या मानानें, असा तो नियम. सर्वांच्या वतीनें एकच विक्रेता बाजारांत उभा राहिल्यामुळें मोठ्या क्लबास लहानाचें मांस खातां आलें नाहीं. स्पेनमध्यें याच्या उलट, प्रत्येक क्लब आपापला हक्क वेगळा विकीत असे. माद्रिद व बार्सेलोना येथील दोन बलाढ्य क्लबांकडे उत्पन्नाचा मोठा ओघ जाई व बाकीचे कोरडे राहत. शेवटीं २०१५ सालीं तेथील सरकारला फर्मान काढून सामुदायिक विक्री सक्तीची करावी लागली. इंग्लंडांत आणखी एक बंधन पुढें आलें. सामन्यांचे गट पाडून ते निरनिराळे विकावे, आणि २००७ पासून सर्व गट एकाच घेणाऱ्यास देऊं नयेत, हें युरोपीय आयोगानें लीगकडून कबूल करून घेतलें. म्हणजे मुदत थोडी, विक्रेता एक, माल गटागटांत विभागलेला, आणि घेणारे निदान दोन, अशी ती व्यवस्था झाली. तिच्यामुळें दर तीन-चार वर्षांनीं धनी पुन्हां आपल्या शेताच्या बांधावर येऊन उभा राहूं शकतो.

आतां आपल्या देशाकडे वळूं. भारतांत टेलिव्हिजनचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लींत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. परंतु १८८५ च्या तारयंत्राच्या कायद्यानें संदेशवहनाचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेविला असल्यामुळें घेणारें गिऱ्हाईक एकच होतें, तें म्हणजे सरकारी दूरदर्शन. जेथें घेणारा एकच, तेथें हक्काला भाव नसतो. उलट, सामना दाखविल्याबद्दल आयोजकांनींच खर्च द्यावा, अशीहि मागणी होऊं शकते. १९९३ सालीं बंगालच्या क्रिकेट संघटनेनें हीरो चषकाचे सामने भरविले, तेव्हां नेमकें हेंच झालें. तांत्रिक खर्चापोटीं दर सामन्यामागें ५ लक्ष रुपये संघटनेनें द्यावे, असें दूरदर्शनचें म्हणणें पडलें. संघटनेनें ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीस हक्क दिला. त्या कंपनीचीं यंत्रें जकात खात्यानें अडविलीं. आणि तंटा कलकत्ता उच्च न्यायालयांतून सर्वोच्च न्यायालयांत गेला.

त्या खटल्याचा निकाल ९ फेब्रुवारी १९९५ रोजीं लागला. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ति पी. बी. सावंत हे महाराष्ट्राचे सुपुत्र व मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश होते, ही गोष्ट आपणांस अभिमानानें सांगण्यासारखी आहे. आकाशांतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर सरकारचा एकाधिकार नसावा, हा भाग सर्वांच्या लक्षांत राहिला. परंतु त्या निकालाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे व ती बहुधा विसरली जाते. सरकारचा एकाधिकार जसा नको, तसा धनिक खासगी संस्थांचाहि नको. या मालमत्तेचा उपयोग लोकहितार्थ व्हावा, आणि त्यावर नियंत्रण ठेवण्यासाठीं समाजाच्या सर्व थरांचें प्रतिनिधित्व करणारी स्वायत्त संस्था उभारावी, असें न्यायालयानें बजाविलें होतें. दाखविणाऱ्याच्या हक्काइतकाच पाहणाऱ्याचाहि हक्क त्या निकालांत मानला गेला होता. खेळाच्या गुत्त्यांत रयत कोण, या प्रश्नाचें उत्तर तेथें आहे.

बाजार मात्र पहिल्याच भागाच्या जोरावर धांवला. २००६ सालीं मुंबईच्या निंबस कंपनीनें क्रिकेट नियामक मंडळाचे चार वर्षांचे हक्क सुमारें ६१.२ कोटी डॉलरांस घेतले. पुढच्याच वर्षीं, २१ जानेवारी २००७ रोजीं नागपुरास भारत व वेस्ट इंडीज यांच्यांतील एकदिवसीय सामना झाला, तेव्हां चित्रें दूरदर्शनला देण्यावरून तंटा उभा राहिला, आणि ज्यांच्या घरीं केबल नव्हती त्या लक्षावधि लोकांस तो सामना पाहतां आला नाहीं. नागपुरांतील सामना नागपुराजवळच्या खेड्यांत दिसूं नये, हा प्रकार लोकांच्या जिव्हारीं लागला. दिल्ली उच्च न्यायालयानें पुढील सामन्यांकरितां सात मिनिटांच्या विलंबानें चित्रें देण्याची तडजोड सुचविली. पण शिळें फूल तें शिळेंच. अखेर सरकारनें वटहुकूम व त्यामागून त्याच वर्षीं कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचीं चित्रें प्रसारभारतीस दिलींच पाहिजेत, आणि त्यावरील जाहिरातींच्या उत्पन्नांतून टेलिव्हिजनच्या बाबतींत निदान ७५ टक्के हक्कदारास व उरलेले प्रसारभारतीस मिळावे, असें त्यांत ठरलें. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें यास मर्यादा घातली, ती अशी, कीं हीं चित्रें दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील प्रक्षेपणांतून व फ्री डिशवरून दाखवावीं, खासगी केबलवाल्यांमार्फत नव्हे. हक्कदार व प्रेक्षक या दोघांचा न्याय तोलण्याचा हा प्रयत्न बराच समंजस म्हटला पाहिजे.

त्या कायद्याच्या वेळीं माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री प्रियरंजन दासमुन्शी हे होते, आणि तेच अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्षहि होते. क्रिकेटच्या प्रेक्षकाचा हक्क राखण्यासाठीं कायदा करणाऱ्या गृहस्थांच्याच महासंघानें फुटबॉलचे हक्क लांब मुदतीनें देण्याचा पायंडा पाडला, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ सालीं सुरू झाली होती. पण तिच्याकडे प्रक्षेपकांचें लक्ष क्वचितच वळे. २००६ सालीं महासंघानें झी कंपनीशीं दहा वर्षांचा करार केला; तो २०१० सालींच मोडला. लगेच ९ डिसेंबर २०१० रोजीं रिलायन्स व आय.एम.जी. यांच्या संयुक्त कंपनीशीं पंधरा वर्षांचा नवा करार झाला. त्याची एकूण रक्कम ७०० कोटी रुपये, म्हणजे वर्षास सरासरी ४७ कोटींच्या आंतच. त्या मोबदल्यांत केवळ प्रक्षेपणच नव्हे, तर प्रायोजकत्व, जाहिरात, व नवी लीग स्थापण्याचा अधिकार, असे महासंघाचे जवळजवळ सर्व व्यापारी हक्क देण्यांत आले. हा शुद्ध गुत्ता होता.

त्या काळीं महासंघाची बाजू काय होती, हेंहि पाहिलें पाहिजे. त्याच्या तिजोरींत खडखडाट होता, लीगला प्रेक्षक नव्हते, आणि मागचा करार नुकताच मोडला होता. जेथें पीक येण्याची खात्री नाहीं, तेथें ठरलेली रक्कम देणारा गुत्तेदार देवासारखा वाटतो. नव्या कंपनीनें पैसा घातला हेंहि खरें. १२ ऑक्टोबर २०१४ रोजीं कोलकात्यांत आठ संघांची इंडियन सुपर लीग सुरू झाली. परदेशांतील नामांकित खेळाडू आले, मैदानें सुधारलीं, चित्रणाचा दर्जा वाढला, आणि ज्या घरांत पूर्वीं फुटबॉलचें नांव निघत नसे त्या घरांतील मुलें संघांचीं नांवें घेऊं लागलीं. या उपकाराची नोंद न करणें अन्यायाचें होईल.

तथापि आरंभीं घेतलेले तीन प्रश्न येथें लावून पाहिले पाहिजेत. मुदत पंधरा वर्षांची. एवढ्या काळांत एक पिढी खेळून निवृत्त होते. देखरेखीचें पाहूं गेल्यास, लीग चालविणाऱ्या कंपनींत स्टार इंडियाचा भाग होता, आणि प्रक्षेपणहि प्रथम स्टारनेंच केलें. २०२३ सालीं हक्क रिलायन्स समूहांतील व्हायकॉम १८ या कंपनीकडे गेले, आणि २०२४ च्या नोव्हेंबरांत त्या दोन्ही प्रक्षेपण कंपन्या एकत्र झाल्या. यांत कांहीं गैर घडलें, असें सुचविण्याचा हेतु नाहीं. परंतु विकणारा व घेणारा एकाच वाड्यांत राहत असतां मालाचा खरा भाव काय, हें वाड्याबाहेर कोणास कळणार? घासाघीस ही कितीहि कटकटीची वाटली तरी वस्तूचें मोल उघड करणारें तेंच एक साधन आहे. तें साधन वापरण्याची वेळच पंधरा वर्षें आली नाहीं. आणि न वापरलेलें हत्यार गंजतें.

रयतेचें, म्हणजे क्लबांचें, काय झालें, हेंहि महाराष्ट्रांतील उदाहरणांवरूनच पाहूं. मुंबईच्या महिंद्र युनायटेड क्लबानें २००५-०६ सालीं राष्ट्रीय लीग जिंकली होती. तो क्लब २०१० सालीं बंद झाला. पुण्याचा पुणे फुटबॉल क्लब २०१५ नंतर वरच्या श्रेणींतून नाहींसा झाला. नव्या लीगमधील पुणे सिटी हा संघ २०१९ सालीं विसर्जित होऊन त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघास मिळाली, आणि तो हैदराबादचा संघहि २०२५ सालीं दिल्लीस गेला. रहीमसाहेबांच्या शहराच्या नांवाचा संघ असा बिऱ्हाडाप्रमाणें हलावा, हें पाहून जुन्या लोकांस वाईट वाटल्यावांचून राहणार नाहीं. ईशान्येकडील ऐझॉल क्लबानें २०१६-१७ सालीं राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें. तरी त्यास नव्या लीगचें दार उघडलें नाहीं, कारण तेथील प्रवेश गुणांवर नसून शुल्कावर होता. खेळून वर चढण्याची वाट पुढें २०२३ पासून सुरू झाली, पण तोंपर्यंत बराच काळ गेला होता. याच्या उलट कोल्हापुराकडे पाहावें. तेथें पाटाकडील, दिलबहार यांसारखीं तालीम मंडळें पिढ्यान्‌पिढ्या फुटबॉल खेळतात, आणि शाहू स्टेडियमवर पेठापेठांतील लोक आपल्या संघासाठीं गर्दी करतात. टेलिव्हिजनच्या करारानें तो प्रेक्षक निर्माण केलेला नाहीं. प्रेक्षक अगोदर, हक्क मागून, हा निसर्गाचा क्रम आहे. आपल्या व्यावसायिक लीगनें तो उलटा करून पाहिला.

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर २०२५ सालीं मिळालें. करार डिसेंबरांत संपावयाचा होता. महासंघाच्या नव्या घटनेचा वाद सर्वोच्च न्यायालयांत होता. म्हणून जुलै महिन्यांत कंपनीनें पुढील हंगाम थांबविल्याचें कळविलें. खेळाडू, शिक्षक व मैदानावरील नोकरचाकर यांच्या पोटापाण्याचा प्रश्न उभा राहिला. न्यायालयाच्या देखरेखीखालीं ऑक्टोबरांत टेंडर काढण्यांत आलें. मुदत पुन्हां पंधरा वर्षांचीच. वर्षास किमान ३७.५ कोटी रुपये किंवा एकूण उत्पन्नाचे ५ टक्के, यांपैकीं जें अधिक असेल तें महासंघास द्यावयाचें होतें. ७ नोव्हेंबर रोजीं मुदत संपली, आणि एकहि बोली आली नाहीं. ज्या बाजारांत क्रिकेटच्या हक्कांसाठीं हजारों कोटींच्या बोल्या लागतात, त्याच बाजारांत देशांतील सर्वोच्च फुटबॉल लीगला गिऱ्हाईक मिळूं नये, याहून कठोर निकाल कोणता? शेवटीं २०२६ च्या जानेवारींत केंद्रीय क्रीडामंत्र्यांस मध्यें पडावें लागलें, आणि १४ फेब्रुवारीपासून आंखूड हंगाम खेळविण्याचें ठरलें. म्हणजे ज्या सरकारच्या हातून सुटण्यासाठीं १९९३ सालीं क्रिकेटवाले न्यायालयांत गेले, त्याच सरकारचें दार तेहतीस वर्षांनीं फुटबॉलला ठोठवावें लागलें.

बोली न येण्याचीं कारणें एकाच ठिकाणीं शोधणें बरोबर होणार नाहीं. मोठे प्रक्षेपक एकत्र झाल्यामुळें घेणारे कमी उरले होते. क्लब वर्षानुवर्षें तोट्यांत चालले होते. आणि नव्या घटनेंत व्यापारी भागीदाराचे अधिकार कितपत राहतील याची धाकधूक होती. परंतु या सर्वांच्या मुळाशीं एक गोष्ट आहे. पंधरा वर्षें महासंघानें आपला माल स्वतः बाजारांत नेलाच नव्हता. त्याचें खरें गिऱ्हाईक कोण, तें कोठें राहतें, तें किती देईल, ही माहिती धन्याजवळ नव्हती. ती गुत्तेदाराजवळ होती. गुत्ता संपल्यावर शेत परत मिळालें, पण शेतीची विद्या परत मिळाली नाहीं.

यावरून पुढच्या पिढीनें काय घ्यावें? वाटाघाटीच्या मेजावर बसतांना रकमेपेक्षां मुदतीची चिंता अगोदर करावी. तीन-चार वर्षांहून लांबचा करार हा आपल्या वारसांच्या वतीनें सही करण्यासारखा आहे. सर्व हक्क एका गांठोड्यांत बांधून देऊं नयेत. प्रक्षेपण निराळें, प्रायोजन निराळें, आणि लीगचा कारभार निराळा ठेवावा. विकण्यास बसणाऱ्यांत क्लबांचे प्रतिनिधि असावे, आणि वांटणीचा नियम बोली येण्यापूर्वींच ठरलेला असावा. कारण पैसा आल्यावर न्याय आठवणें कठीण जातें. याहून महत्त्वाचें म्हणजे, कांहीं सामने सर्वांस फुकट दिसतील अशी तजवीज करारांतच असावी. ही प्रेक्षकावर केलेली मेहेरबानी नव्हे. ज्या मुलानें सामना कधीं पाहिलाच नाहीं, तो उद्यां खेळाडूहि होणार नाहीं व गिऱ्हाईकहि होणार नाहीं. त्यास आज फुकट दाखविणें म्हणजे उद्यांचें बियाणें राखणें होय.

मुदखेडसारख्या गांवीं, जेथें मोठें स्टेडियम नाहीं व नामांकित संघ नाहीं, तेथें फुटबॉल येणार तो पडद्यावरूनच. त्या पडद्यावर काय यावें हें मुंबई-दिल्लीच्या बंद खोल्यांत ठरतें, आणि तेथें या मुलाच्या वतीनें बोलणारा कोणी बसलेला नसतो. न्यायमूर्ति सावंतांच्या निकालानें त्याच्यासाठीं तेथें एक खुर्ची ठेविली होती. ती अद्याप रिकामी आहे. पुढचा करार लिहितांना ती भरली जाते कीं नाहीं, यावरच आपल्या फुटबॉलचें भवितव्य अवलंबून राहील.